चौदा महिन्यांत चार वेळा बिघडलेला कान : इंदूरच्या एका लॅब्रेडोरचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. घरच्यांना विचारूनच लिहिते आहे. कुत्र्याचं नाव बदललं आहे, माणसांची नावं घातलेली नाहीत. यातली एक चूक माझी स्वतःची आहे आणि ती मी सविस्तर सांगणार आहे, कारण तिथे वेळीच थांबले असते तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

पार्श्वभूमी

मोती साडेचार वर्षांचा, 33 किलोचा, मनाने अगदी गरीब लॅब्रेडोर. रामबागेतल्या जुन्या घरात तीन पिढ्यांचं मराठी कुटुंब राहतं. मुलगा आणि सून नोकरीला, नात कॉलेजात, त्यामुळे दिवसभर मोतीची सोबत आजोबांना आणि आजोबांची मोतीला. सकाळी नात चिकनचं तयार खाद्य घालायची. दुपारी आजोबांचं पान वाढलं की शेजारी मोतीची थाळी, आणि तिच्यात दही-भात. महिन्यातून दोनदा सगळे चोरलजवळच्या शेतावर जात. सिमरोळचा घाट उतरला की मोती गाडीतच उभा राहायचा, कारण शेतावर हौद होता आणि हौदात पोहणं हे त्याच्या आयुष्यातलं मोठं सुख होतं.

कानांची काळजीही घेतली जात होती, हे मुद्दाम सांगते. दर रविवारी आंघोळ झाली की आजोबा मोहरीच्या तेलात लसणाची पाकळी तळून, तेल कोमट करून दोन्ही कानांत दोन-दोन थेंब घालत आणि मग कापसाच्या काडीने आतून पुसून काढत. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईने त्यांच्या कानात हेच घातलेलं. त्यांच्या हातात कुत्रा डोळे मिटून पडून राहायचा. या घरात निष्काळजीपणा कुठेच नव्हता.

पण कुत्र्याचा कान आपल्यासारखा नसतो. आपली कानाची नळी साधारण सरळ आत जाते. कुत्र्याची आधी उभी खाली उतरते, मग काटकोनात वळून आडवी आत जाते आणि तिच्या टोकाला पडदा असतो. त्यामुळे कापसाची काडी वळणापर्यंतच पोचते आणि तिथला मळ बाहेर आणण्याऐवजी पुढे ठासते. लॅब्रेडोरच्या कानावर पाळीचं झाकण, आत ऊब, त्यात आंघोळीचं नि हौदाचं पाणी, वर तेल. पावसाळ्यात बंद डब्यात ठेवलेल्या ओल्या फडक्याचं जे होतं तेच आत होत जातं.

अडचण कशी वाढत गेली

पहिली खेप जुलै 2023 मधली. डाव्या कानाला आंबूस वास, आत तपकिरी चिकट मळ. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून माणसांचे कानाचे थेंब आणले, आठवडाभर घातले, वास कमी झाला. तेव्हा मी मोतीला पाहिलंही नव्हतं.

दुसरी खेप ऑक्टोबर 2023 मधली. शेतावरून परत येताना मोती गाडीत एकसारखा डोकं झटकू लागला आणि डावा कान खाली झुकवून रडू लागला. दुसऱ्या दिवशी त्याला माझ्याकडे आणलं. पावसाळा संपून गवत वाळलं की आमच्या माळव्यात कुसळांचे दिवस येतात. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावरचे बारीक केस उलट्या दिशेने असतात, म्हणून ते आत शिरतं पण मागे येत नाही. कुत्रा जितकं डोकं झटकतो तितकं ते पुढे सरकतं. ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या नळीने, पाहिलं तर वळणाशीच कुसळ दिसलं. लांब चिमट्याने काढलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मीही. थेंब लिहून दिले आणि दहा दिवसांनी दाखवायला या म्हटलं.

ते आले नाहीत. मोती बरा दिसत होता, मग येणार कशाला.

तिसरी खेप फेब्रुवारी 2024 मधली, कोरड्या थंडीत. या वेळी दोन्ही कान खाजत होते. घरात ऑक्टोबरची अर्धी बाटली शिल्लक होती. तीच घातली आणि चौथ्या दिवशी खाज थांबल्यावर बंद केली.

चौथ्या खेपेला, ऑगस्ट 2024 मध्ये, मोती आला तेव्हा डाव्या कानाची पाळी तळलेल्या पुरीसारखी टम्म फुगलेली होती. सतत झटकून आणि पंजाने खाजवून पाळीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्वचा नि कूर्चा (आतलं लवचीक, मऊ हाड) यांच्यामध्ये रक्त साचतं. हात लावला तर गरम आणि थलथलीत. सून म्हणाली, फुगून तीन दिवस झाले होते, आपोआप उतरेल असं वाटलं. नळीचं तोंड इतकं सुजलेलं होतं की ओटोस्कोप आत जाईना.

माझी चूक कुठे झाली

त्या दिवशी मी ऑक्टोबरचा कागद काढला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : डाव्या कानात कुसळ, काढलं. उजवा कान किंचित लाल.

हे शेवटचे चार शब्द मी लिहिले होते आणि तिथेच सोडले होते. आमच्याकडे एक साधा ठोकताळा आहे : एकच कान अचानक बिघडला तर आधी आत काही शिरलंय का बघा, दोन्ही कान बिघडले, परत परत बिघडले, तर कारण कानाबाहेर शोधा, बहुतेक वेळा ते ऍलर्जीत सापडतं. कुसळाने डाव्या कानाचं दुखणं समजत होतं, उजव्याची लाली समजत नव्हती. पण एक कारण हाताला लागलं की मन दुसरं शोधायचं थांबतं. मी कानातला मळ काचेवर घेऊन तपासलाही नाही. कुसळ दिसल्यावर काचेची गरज वाटली नाही.

काच करणं म्हणजे फार मोठं काम नाही. कापसाच्या काडीला लागलेला मळ काचपट्टीवर फिरवायचा, तीन बाटल्यांतल्या रंगांत बुडवायचा, धुवायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दहा मिनिटांत कळतं की आत यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, आहे, गोल जिवाणू आहेत की दांड्यासारखे. औषध त्यावर ठरतं. तपकिरी, मेणचट, आंबूस वासाचा मळ बहुधा यीस्टचा असतो. पिवळा-हिरवट पू आणि असह्य वेदना असतील तर दांड्यासारख्या जिवाणूंची शंका येते. काळा, कोरडा, कॉफीच्या चुऱ्यासारखा मळ पिल्लांमध्ये गोचिडांच्याच कुळातल्या बारीक किड्यांचा असतो. पण हे सगळे अंदाज आहेत आणि नाकाने केलेला अंदाज मला चांगलाच फसवू शकतो.

कोणते मार्ग समोर होते

आता एकाच वेळी तीन प्रश्न होते : फुगलेली पाळी, सुजलेली नळी आणि हे सगळं पुन्हा का होतंय.

पाळीसाठी एक मार्ग काहीही न करण्याचा. रक्त हळूहळू जिरतं, पण कूर्चा आकसून कान चुरगळतो आणि तोवर कुत्र्याला दुखत राहतं. दुसरा, सुईने रक्त काढून सूज उतरवणारं औषध देण्याचा. अगदी ताज्या फुगवट्यात हा चालतो, पण रक्त पुन्हा भरण्याची शक्यता राहते. तिसरा, भूल देऊन आतल्या बाजूने छेद घ्यायचा, गुठळ्या काढायच्या आणि पाळीला आरपार टाके घालायचे, म्हणजे पोकळीच उरत नाही.

नळीसाठी मला सगळ्यात आधी पडदा बघायचा होता. पडदा फाटलेला असेल तर नेहमीच्या कानाच्या थेंबांतली काही औषधं, उदाहरणार्थ जेंटामायसिन, आतल्या कानापर्यंत पोचून ऐकणं आणि तोल दोन्ही बिघडवू शकतात. काही धुण्याची द्रावणंही तशीच. म्हणून घरात पडलेली जुनी बाटली न विचारता घालणं मला इतकं खुपतं. गेल्या वेळी पडदा शाबूत होता म्हणून आजही असेल, असं धरता येत नाही.

मुलाने विचारलं, "मॅडम, भूल टाळता नाही का येणार? सुईने काढलं तर?" प्रश्न रास्त होता. खर्च वाढणार होता आणि भुलेची धास्ती कुणाला नसते. मी त्यांना सांगितलं ते असं : पाळी फुगून तीन दिवस झालेत, गुठळ्या बनल्या असणार, त्या सुईतून येणार नाहीत. आणि जागेपणी हा नळी धुऊ देणार नाही. एकाच भुलेत दोन्ही कामं होतील. तसंच सोडलं आणि अशाच खेपा होत राहिल्या, तर नळीची भिंत जाड होत होत दगडासारखी घट्ट होते, मग थेंब आत जातच नाहीत आणि शेवटी अख्खी नळीच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. त्यांनी तासभर बाहेर बसून विचार केला आणि हो म्हटलं. तो तास त्यांना दिला याचं मला बरं वाटतं.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याचाही पर्याय मी त्यांच्यापुढे ठेवला होता. काचेवर दांड्यासारखे जिवाणू दिसले असते तर मळाचं कल्चर करून, म्हणजे त्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून, कोणतं औषध लागू पडतं ते पाहिल्याशिवाय मी पुढे गेले नसते.

काय केलं

भूल देण्याआधी दोन्ही कानांची काच केली. दोन्हींत भरपूर यीस्ट, डाव्यात थोडे गोल जिवाणूही. दांडे नव्हते.

आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसले होते. मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले.

"हे जांभळे जांभळे… भुईमुगाच्या शेंगांसारखे?"

"हो आजोबा. तेच यीस्ट. थोडे प्रत्येक कुत्र्याच्या कानात असतात. इतके नसतात. ओल आणि तेलकटपणा मिळाला की वाढतात."

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, मग आता मी काय करायचं ते मला दाखवा. सुनेला नका, मला दाखवा."

तोवर मी सगळ्या सूचना मुलाला आणि सुनेला देत आले होते, कारण बिलाशी तेच उभे असायचे. कुत्र्याच्या कानाला रोज हात लावणारा माणूस कोपऱ्यात बसलेला होता.

भुलेखाली आधी कोमट सलाइनने नळ्या धुतल्या. डाव्यातून मेणाच्या वड्यांसारखा मळ निघाला, त्यात तेलाचा थर ओळखू येत होता. उजवा पडदा स्वच्छ दिसला. डावा जाडसर, पण शाबूत. मग पाळीला टाके घातले. यीस्ट आणि जिवाणू दोन्हींवर चालणारे थेंब, नळीची सूज उतरवायला काही दिवस पोटातून स्टेरॉइड, आणि गळ्याभोवती प्लॅस्टिकचा घेर. पोटातून अँटिबायोटिक दिलं नाही. मधला कान चांगला असताना नळीतल्या संसर्गावर थेंबच पोचतात.

तिसऱ्या दिवशी आजोबांना धुण्याची पद्धत शिकवली, ती उजव्या कानावर. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, कारण गार द्रावणाने कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी पळतो. पाळी वर उचलून नळी द्रावणाने भरायची. दोन थेंबांनी भागत नाही. मग कानाच्या मुळाशी, गालाच्या मागे, अंगठा आणि बोटाच्या मध्ये नळी चाचपायची आणि अर्धा मिनिट हलकेच चोळायची. आतून पचक्-पचक् आवाज आला की द्रावण वळणापर्यंत पोचलं. मग सोडून द्यायचं, आपण एक पाऊल मागे सरायचं आणि त्याला डोकं झटकू द्यायचं. मळ तो स्वतःच वर आणतो. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून बोट जाईल तेवढंच पुसायचं. काडी नाही. दहा मिनिटांनी थेंब. आजोबांनी पहिल्याच वेळी तो आवाज काढला आणि मोतीने डोळे मिटले.

तेल बंद करायला सांगताना मी कारणही सांगितलं : तेलाने मळ विरघळत नाही, चिकटून राहतो, आणि लसणाने सुजलेली त्वचा आणखी चिडते. कुत्र्याने तो चाटून पोटात घेतला तर रक्तालाही अपाय. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिटबद्दलही तेच. आग होते आणि कातडी सोलवटते.

मग कारणाचा शोध. मोती पंजेही चाटायचा, हे मी विचारल्यावर कळलं. आपणहून कुणी सांगितलं नव्हतं, ती त्याची सवय वाटायची. आठ आठवडे फक्त पशुवैद्यकीय खाद्य द्यायचं ठरलं, ज्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराला ती ओळखू येत नाहीत. बाकी काहीही नाही. चवीच्या गोळ्या नाहीत, बिस्किट नाही, दही-भात नाही. बक्षीस म्हणूनही त्याच खाद्याचे दाणे. स्टेरॉइड थांबल्यानंतरच आठवडे मोजायचे, कारण ते चालू असताना खाज कशानेही कमी दिसते.

दही-भात बंद हे आजोबांना सगळ्यात जड गेलं. "कुत्र्यांना दह्याची कसली ऍलर्जी?" पण कुत्र्यांच्या अन्न-ऍलर्जीत गोमांस, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू हीच नावं नेहमी पुढे असतात. रोजचं, वर्षानुवर्षं पचलेलं अन्नच बहुधा नडतं.

दोन आठवडे उत्तम गेले आणि तिसऱ्यात कान पुन्हा लाल. घरात एकमेकांकडे संशयाने बघणं झालं. शेवटी उलगडा झाला : दर रविवारी मुलगा पोहे-जलेबी आणायचा आणि जलेबीचा एक तुकडा मोतीचा असायचा. जलेबीचं पीठ पुष्कळदा दह्यात आंबवतात. कुणी लपवलं नव्हतं. रविवारची जलेबी त्यांच्या लेखी "खाणं" नव्हतीच. मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केली.

निकाल

टाके अठराव्या दिवशी काढले. पाळीच्या टोकाला किंचित सुरकुती राहिली, एरवी कान उभारतो. थेंब मी खाज थांबल्यावर बंद केले नाहीत. दोन आठवड्यांनी काच केली, यीस्ट कमी पण होते; चौथ्या आठवड्यात दोन्ही काचा स्वच्छ आल्यावरच थांबवले.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर दही परत दिलं. चौथ्या दिवशी पंजे चाटणं, सहाव्या दिवशी दोन्ही कान लाल. दही थांबवलं, दहा दिवसांत शांत. मग दोन आठवडे चिकन दिलं, काही नाही. पोळी दिली, काही नाही.

2025 च्या पावसाळ्यात उजवा कान एकदा लाल झाला, दही नसतानाही. म्हणजे त्याला हवेतल्या कशाचीतरी थोडी ऍलर्जी आहेच, आणि ती दर पावसाळ्यात सांभाळावी लागेल. या वेळी आजोबांना वास यायच्या आधी लाली दिसली आणि ते दुसऱ्याच दिवशी काचेसाठी आले.

आज पुन्हा करायचं झालं तर

ऑक्टोबर 2023 मध्ये कुसळ काढल्यावरही दोन्ही कानांची काच केली असती. दहा मिनिटं लागली असती आणि खाण्यापिण्याची, पंज्यांची चौकशी दहा महिने आधी सुरू झाली असती.

"दहा दिवसांनी या" असं नुसतं म्हटलं नसतं. कुत्रा बरा दिसत असताना परत का यायचं, हे न सांगितल्यावर कोण येणार? आता मी सांगते की खाज आधी थांबते आणि यीस्ट नंतर मरतं, आणि मधल्या काळात औषध सोडलं की उरलेलं पुन्हा वाढतं. पुढच्या भेटीची तारीख बाटलीवरच लिहून देते आणि त्याखाली "उरलेलं फेकून द्या" असंही लिहिते. फेब्रुवारीतली अर्धी बाटली मीच त्यांच्या घरात ठेवली होती.

पहिल्या भेटीतच विचारलं असतं की कान कोण धुतं आणि कशाने. तेलाची गोष्ट मला ऑगस्टमध्ये कळली, तीही मळात थर दिसला म्हणून.

शस्त्रक्रियेबद्दल मी अजूनही दोन्ही बाजूंनी विचार करते. फुगल्याच्या पहिल्याच दिवशी आले असते तर सुईचा प्रयत्न नक्की केला असता. तिसऱ्या दिवशी, नळी बंद असताना, मी पुन्हा तेच केलं असतं.

आणखी एक. बरं वाटल्यावर आजोबा उत्साहाने रोज कान धुऊ लागले होते. नोव्हेंबरमध्ये नळी कोरडी आणि चुरचुरीत दिसली तेव्हा विचारल्यावर कळलं. निरोगी कानाची कातडी आतला मळ आपणहून बाहेर सरकवत असते, तिला सारखं धुतलं तर ती चिडते. आता पोहून आल्यावर एकदा, एरवी पंधरा दिवसांनी आणि रविवारी फक्त पाळी उचलून बघणं नि वास घेणं, इतकंच ठरलं आहे. हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

दुपारच्या पानाशेजारची थाळी मात्र अजून आहे. तिच्यात मीठ-फोडणी नसलेला डाळ-भात असतो. दही आजोबा आता शेवटी वाढून घेतात, मोती अंगणात गेल्यावर.